विरारच्या पुढे वीज बदलते

रविवार, २० फेब्रुवारी २०००

आधी आली ती संपदा. पोलिओच्या डोसवाली समजून मी दारातूनच सांगितलं, "आमच्याकडे पाचाच्या आतलं कुणी नाही गो, नातच बारा वर्षांची आहे." ती हसायलाच लागली. तिच्या मागून कौस्तुभ म्हणून एक तिशीचा बाप्या घामाने निथळत आला नि म्हणाला, "काकू, आम्ही वलसाडच्या इंजिन शेडमधून आलोय. ड्रायव्हर फर्डिनंड काका इथेच राहतात ना?"

पाच वर्षं झाली हे रिटायर होऊन. शेडमधून कुणी कुत्रं आलं नाही आणि आज दोघं! मला इतका आनंद झाला की चहात साखर घातली की नाही तेच आठवेना, मग पुन्हा घातली. वर सुकेळी काढली. कौस्तुभने सहा खाल्ली. माणूस चांगला असावा.

आमचे हे वाडीत केळींना पाणी लावत होते. हाक मारली तर म्हणतात कसे, "कोण आहे ते आधी सांग." मी म्हटलं, "वलसाड." पाणी तसंच सोडून आले, चिखलाच्या पायांनी. लादी मी सकाळीच पुसली होती, पण आज बोलले नाही.

काम असं, की त्या दोन प्रकारच्या विजांवर चालणाऱ्या इंजिनाला पंचवीस वर्षं झाली. शेडमधली ही हौशी माणसं त्याच्यावर पुस्तिका काढताहेत, पुढच्या महिन्याअखेर छापायला द्यायची. पहिल्या वर्षापासून त्याच्यावर ड्युटी केलेली माणसं आता तीनच उरलीत. एक बिलिमोऱ्याला असतो, त्याला ऐकू येत नाही. एक आमचे हे. तिसऱ्याचं नाव ते सांगणार तेवढ्यात दूध उतू गेलं.

मग हे जे बोलायला बसले! घरात दिवसाला वीस शब्द बोलणारा माणूस. इंजिन चित्तरंजनला बनलं, सहा जोड्या चाकं, चपटं तोंड, पोटात ट्रान्सफॉर्मरही आणि रेझिस्टन्सचे खणही. मुंबईपासून विरारपर्यंत तारेत डीसी वीज, विरारच्या पुढे एसी. आधी इंजिन बदलण्यात गाडीचा वेळ जायचा. हे इंजिन आलं आणि पळता पळता वीज बदलायला लागलं. कौस्तुभ म्हणाला, "पण काका, डीसीवर ते कमजोरच पडायचं ना?" हे म्हणाले, "कमजोर नाही. विरारच्या अलीकडे सासरी, विरारच्या पुढे माहेरी. सून सासरी कुठे धावते? अंग चोरून चालते. रेझिस्टन्स इतके तापायचे की उन्हाळ्यात आत उभं राहवत नसे. पण वैतरणेच्या पुलावर बघायचं तिला!"

संपदा भराभरा लिहून घेत होती. मग कौस्तुभने फायलीतून एक कागद काढला. "काका, डिसेंबर सत्त्याहत्तर. सतरा नंबरच्या इंजिनाचं छपरावरचं सामान इथेच, विरारच्या पुढे जळलं. तुम्हीच चालवत होतात. रेकॉर्डमध्ये आहे की असिस्टंट विलास यांनी कळ न बघताच उत्तर दिलं. तेच छापतोय. तुम्हाला काही सांगायचंय?"

हे उठले. "केळीचं पाणी राहिलंय," म्हणाले नि गेले.

तुमची ड्युटीची जुनी वही आहे का असंही त्या मुलांनी विचारलं होतं. हरवली म्हणाले. हरवली कुठली? ट्रंकेत आहे, माझ्या लग्नाच्या साडीखाली. पण नवऱ्याला पाहुण्यांसमोर खोटं पाडू नये.

मंगळवार, २२ फेब्रुवारी

ही डायरी आग्नेसच्या बँकेतली. आग्नेस माझी थोरली. ती नोकरीला जाते म्हणून तिची मुलगी प्रिन्सी आमच्याकडे असते. प्रिन्सी म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलतेस ना, ते इथे लिही, म्हणजे मला होमवर्क करता येईल." मी चौथी पास. पण लिहायला लागले तर हात थांबत नाही, तोंडासारखाच आहे.

तर ते इंजिन. आमच्या परसातून रूळ दिसतात, आणि वीज बदलायची जागा घरासमोरच आहे. मेल येते ती घरघरत येते. इथे आली की ड्रायव्हर वीज तोडतो, डोक्यावरचा, तारेतून वीज घेणारा तो पेंटो खाली घेतो, आणि घरघर एकदम बंद. फक्त चाकांचा आवाज. श्वास धरून पाण्याखालून जावं तसं. मग डीसीवरून एसीवर कळ फिरवायची, पेंटो वर, आणि तिकडे वैतरणेच्या बाजूला पुन्हा सुरू. आधी कळ फिरवायची, मगच पेंटो वर. उलटं झालं तर भडका. तेवढं मला इंजिनातलं कळतं.

आणि दोघांनी बोलायचं असतं. ड्रायव्हर म्हणतो, "कळ एसी." असिस्टंटने डोळ्यांनी बघायचं आणि मग म्हणायचं, "कळ एसी." सिग्नलचंही तसंच. ती सवय ह्यांनी घरी आणली. झोपताना हे म्हणतात, "गॅस बंद." मी म्हणते, "गॅस बंद." "मागलं दार." "मागलं दार." एकदा न बघताच म्हटलं तर उठून गेले बघायला, आणि दोन दिवस बोलले नाहीत. अशा वेळी ह्यांचा चेहरा बघवत नाही.

आता विलासभावजींचं. ते ह्यांचे असिस्टंट होते. ह्यांना उस्ताद म्हणायचे, मला वहिनी. ड्युटी सुटली की दोघं इथे जेवायला. मग ते इंजिन जळलं, चौकशी झाली, भावजींची बढती सहा वर्षं अडकली. आता ड्रायव्हर आहेत, मालगाडीवर असतात. वसईला एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतलाय म्हणतात. बाकीचे ओळखीचे ड्रायव्हर इथून जाताना हॉर्न देतात. भावजी देत नाहीत. बावीस वर्षं झाली, बोलणं नाही.

मी ह्याचं कारण जाणते. आमच्या धाकट्या फ्लॉईडच्या बाप्तिस्म्याला भावजी आले होते. मी बदकाचा रस्सा केलेला आणि मीठ दोनदा पडलं. ते जेवलेच नाहीत. बाळाच्या हातात चांदीचा वाळा घातला आणि निघाले. हेही त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले नाहीत. माझ्या हातून झालं ते. किती वेळा म्हटलं, मी जाऊन माफी मागते. हे म्हणतात, "तुझा काही संबंध नाही."

मुलं म्हणाली तो तिसरा माणूस भावजीच असणार.

बुधवार, ८ मार्च

आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीचे उपवास सुरू. कपाळाला राख लावून आलो. हे मागे थांबले, फादरकडे पापनिवेदन करायला. मागच्या आठवड्यातही जाऊन आले होते. ह्या माणसाचं पाप ते कसलं? फार तर शेजारच्या चिंचा. मी बाहेर फर्नांडिसांच्या सुनेशी बोलत उभी. तिचं घर, तिचं सिझेरियन, तिची जाऊ, सगळं संपलं तरी हे आत.

बाहेर आल्यावर विचारलं, फादर काय म्हणाले? म्हणाले, "त्यांनी क्षमा केव्हाच दिली. म्हणतात, आता ज्याची मागायची आहे त्याच्याकडे जा."

फादरही कोड्यातच बोलतात हल्ली.

शनिवार, ११ मार्च

आज काय झालं ते कधी एकदा लिहिते असं झालंय.

ह्यांनी स्वतःहून ट्रंक उघडली. वही काढली, प्रिन्सीला म्हणाले, "वाच." चष्मा असताना! वहीत प्रत्येक फेरीचं लिहिलंय: गाडी, डबे, कुठे किती वाजता, इंजिनाची तब्येत. "आज नऊ नंबर नाराज, डीसीत धक्के." "सतरा नंबर खूश." जशी गोठ्यातली गुरं! मी म्हटलं, माझी तब्येत कधी लिहिली नाहीत. प्रिन्सी म्हणाली, "थांब आजी, आहे." आणि वाचलं:

"१४ डिसेंबर १९७७, बुधवार. सतरा नंबर. विरार ५.४०. दोघं ठीक. ५.४१ मोठा आवाज. गाडी उभी."

दोघं ठीक! म्हणजे मी आणि फ्लॉईड! त्याच दिवशी दुपारी फ्लॉईड झाला. देवाशप्पथ, मला रडू आलं. इंजिनाच्या वहीत माझं नाव, म्हणजे नाव नाही, पण मी.

पण संध्याकाळी ५.४० ला ह्यांना कसं कळलं? हे तर गाडी घेऊन चाललेले. मग मलाच आठवलं, गोधडी! आग्नेसनंतर माझी दोन बाळं गेली, एक पोटात, एक तीन दिवसांचं. तिसऱ्या खेपेला हे ड्युटीवर जायलाच तयार नव्हते. तेव्हा सासूबाईंनी ठरवलं: बाळ नि बाळंतीण सुखरूप असतील तर परसातल्या दोरीवर लाल गोधडी टाकायची. नसतील तर पांढरी चादर. हे डाव्या बाजूला बसतात, घर डावीकडेच येतं. तीन दिवस मला कळा येऊन थांबत होत्या, तीन दिवस दोरी रिकामी. ड्युटी सलग, घरी येणं नाही, हे रोज गाडीतून रिकामी दोरी बघून जायचे. चौथ्या दिवशी लाल!

म्हणजे अगदी त्याच मिनिटाला ह्यांनी ती पाहिली. आणि बिचाऱ्या भावजींकडून नेमकी तेव्हाच चूक व्हावी! आनंदाच्या दिवसाला दृष्ट लागते ती अशी. मी हे बोलले तर ह्यांनी वही मिटली नि म्हणाले, "ग्रेसी, तू तरी असं नको बोलू."

प्रिन्सी आजोबांकडे बघत राहिली. मुलगी आताशा फार गप्प बघते.

रविवार, १९ मार्च

चर्चमधल्या मिस्सानंतर हे प्रिन्सीला घेऊन एव्हरशाईनला गेले, भावजींकडे! मी केळीचा घड दिला, सगळ्यात मोठा. दोन तासांनी परत, घडासकट.

"दार बंद होतं," म्हणाले.

प्रिन्सी मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आजी, आम्ही वर गेलोच नाही. आजोबा खाली वॉचमनच्या खुर्चीत बसून राहिले. वॉचमनने दोनदा विचारलं, कुणाकडे जायचंय? आजोबा म्हणाले, आठवतोय."

तिसरा मजला आहे. गुडघे दुखतात म्हणून नसतील गेले.

शनिवार, २५ मार्च

आज पुन्हा गेले. घड तोवर पिकून गेलेला, दुसरा दिला. ह्या वेळी हातात वहीही होती. प्रिन्सीने आल्यावर जसंच्या तसं सांगितलं, ते लिहिते.

भावजींनी स्वतः दार उघडलं. बनियनवर होते. केस पांढरे झालेत म्हणे. घडाकडे बघितलं, वहीकडे बघितलं. मग भावजी म्हणाले, "उस्ताद, तुम्ही म्हातारे झालात."

हे म्हणाले, "तूपण."

"मी का होणार नाही? मला तर सहा वर्षं जास्त घासावी लागली."

प्रिन्सी म्हणते, तिला वाटलं आता आजोबा परत फिरणार. फिरले नाहीत. म्हणाले, "ती शेडची मुलं पुस्तिका छापताहेत. त्यात तुझं नाव घालताहेत, चुकीच्या जागी. पुढच्या रविवारी, दोन तारखेला, मी त्यांना घरी बोलावतोय. तूही ये. मला सगळ्यांसमोर बोलायचंय. तुझ्यासमोर बोललो नाही तर त्या बोलण्याला किंमत नाही."

"आणि पुस्तिका नसती तर?"

हे घड पुढे करून उभे राहिले. भावजींनी घड घेतला नि दार लावून घेतलं. येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

जिना उतरताना हे दोनदा बसले, प्रिन्सी म्हणाली. खरंच गुडघ्यांना तेल लावायला हवं.

गुरुवार, ३० मार्च

कौस्तुभचा शेजाऱ्यांकडे फोन आला. रविवारी ऐकून घेतील, सोमवारी छपाईला. त्यानंतर बदलता येणार नाही. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "सोमवारी छपाई." मीही सवयीने म्हटलं, "सोमवारी छपाई." मग हे केळींकडे गेले.

रविवार, २ एप्रिल

सकाळपासून ह्यांनी तीनदा दाढी तपासली. उपवासाचे दिवस, म्हणून मटण नाही. बोंबील तळले, कोलंबीचं लोणचं, तांदळाच्या भाकऱ्या. संपदा आणि कौस्तुभ अकराला आले. भावजी नाहीत. साडेअकरा. बारा. हे फाटकाकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होते. शेवटी म्हणाले, "लिहून घ्या. तो आला नाही तरी खरं ते खरं."

संपदाने वही उघडली आणि फाटक वाजलं. भावजी! इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. मला बघितलं नि वाकले, पाया पडायला. मी म्हटलं, "अहो भावजी, मी तुमच्याहून चार वर्षांनीच मोठी!" म्हणाले, "वहिनी, चार म्हणजे चार." मी आधीच सांगून टाकलं, त्या रश्श्याचं मनात ठेवू नका. ते म्हणाले, "कुठला रस्सा?" एवढे मोठ्या मनाचे!

मग हे उभे राहिले. बसून सांगा म्हटलं तरी उभेच. आणि कोर्टात सांगावं तसं सांगितलं:

"चौदा डिसेंबरला मी वीज तोडली, पेंटो खाली घेतला. 'कळ एसी' म्हणालो. पण कळ फिरवली नव्हती. हात कळेवर होता, डोळे बाहेर होते. विलासने उत्तर दिलं. मी पेंटो वर केला. कळ डीसीवरच होती. भडका उडाला. चौकशीत साहेबांनी विचारलं, तू कळ सांगितलीस का? मी म्हणालो, सांगितली. विलासने उत्तर दिलं, असंही म्हणालो. तेवढंच विचारलं आणि तेवढंच मी बोललो. फिरवली का असं कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. घरात आठ दिवसांचं मूल होतं. नोकरी जाईल म्हणून भ्यालो. दोष माझा. तसं छापा."

कौस्तुभने पेन खाली ठेवलं. "काका, पंचवीस वर्षांच्या गौरवाची पुस्तिका आहे ही. तुमचा फोटो पहिल्या पानावर घेतोय. लोक नावाजतात तुम्हाला."

"फोटो काढून टाका. ही ओळ घाला."

मी मध्येच विचारलं, "पण तुम्ही बाहेर बघत काय होतात? विरारच्या पुढे बघण्यासारखं आहे काय, आपलं परस सोडून?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रिन्सीने माझा हात धरला. मी काही चुकीचं विचारलं का?

भावजी एकदम म्हणाले, "अजिबात छापू नका! दोष माझाच आहे. कळेकडे बघून उत्तर देणं हे माझं काम. मी बघितलंच नाही."

"तू माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवलास," हे म्हणाले.

"काही विश्वासबिश्वास नाही. उस्ताद, मीसुद्धा बाहेरच बघत होतो! तुमच्या खांद्यावरून. तीन दिवस वहिनींची खबर नव्हती, मला काय काळजी नव्हती? ह्या घरचं किती अन्न खाल्लं होतं मी! लाल दिसलं आणि मला एवढा आनंद झाला की तुम्ही कळ म्हणालात की गोळी म्हणालात तेही कळलं नाही. मी आपलं म्हटलं, एसी."

हे खालीच बसले. "तू कधी सांगितलं नाहीस."

"कुणाला सांगायचं? तुम्ही आलात कधी?" आणि मग भावजींचा आवाज चढला. "शिक्षेचं मला काही नाही. शिक्षा मी तुमच्या पोरासाठी घेतली, बाप्तिस्म्याला येऊन तेच सांगणार होतो. तुम्ही मान वर करून बघितलं नाहीत. फाटकापर्यंतसुद्धा आला नाहीत. बावीस वर्षं ह्या घरासमोरून जातो मी. दर वेळी वाटतं, आज परसात असतील, आज हात करतील."

"मी परसात असतोच. तुझी गाडी असली की केळीच्या मागे जातो."

"मग मरा तिथेच!"

"मेलोच होतो."

नंतर दोघं भांडायलाच लागले, दोष माझा, नाही माझा, टेबलावर हात आपटून, बोंबलाची ताटली उडाली. संपदा घाबरली. मी तिला म्हटलं, "भांडू दे गो. बावीस वर्षांचं साठलंय." मला तर कानाला गोड लागत होतं. हे दोघं जेवायला यायचे तेव्हा अस्संच भांडायचे, कुठल्या इंजिनाचा ब्रेक चांगला म्हणून.

शेवटी कौस्तुभच म्हणाला, "थांबा. दोघांनी सांगितलं तसं लिहितो, आणि खाली दोघांच्या सह्या." भावजी म्हणाले, "आधी उस्तादांची." हे म्हणाले, "आधी त्याची, बावीस वर्षं तो थांबलाय." मग भावजींनी केली, आणि मग ह्यांनी. ह्यांची सही होईपर्यंत भावजींनी कागद धरून ठेवला.

छपाई आठ दिवस पुढे गेली. संपदा म्हणाली, तिच्या साहेबांना ती सांभाळते. पोरगी धीट आहे.

जेवताना भावजींनी पाच भाकऱ्या खाल्ल्या. मी विचारलं, मुलं किती? म्हणाले, दोन, एकाचं लग्न झालं. लग्न झालं! आम्हाला पत्ता नाही. मुलगा की मुलगी ह्याचाच गोंधळ झाला माझा, पुन्हा विचारलं. मुलगी.

निघताना हे फाटकापर्यंत गेले. फाटकाबाहेर गेले. रिक्षापर्यंत गेले. मी परसातून बघत होते. रिक्षा गेल्यावरही तिथेच उभे.

पुस्तिका छापून घेऊन सगळे पुन्हा येणार आहेत, पक्कं ठरलंय: सोमवार, २४ एप्रिल, ईस्टरचा दुसरा दिवस, दुपारी बाराला. कौस्तुभ, संपदा, भावजी, आणि ह्या खेपेस भावजींची बायकोही. मी निरोप दिला, तिला खास आणा म्हणून. तिचं नाव काय, ते मला माहीतच नाही. विचारायचं राहून गेलं.